एक किलवरचं उत्तर

कुमुदताई प्रधानांच्या घरचा फोन पहिल्या घंटीला उचलला जायचा. दुसरी घंटी वाजलीच, तर समजायचं की ताई अंघोळीला गेल्या आहेत. "बोला, प्रधान," एवढंच त्या म्हणायच्या आणि पुढचं बोलायची जबाबदारी तुमच्यावर टाकून मोकळ्या व्हायच्या. अंबरनाथच्या एका मोठ्या कारखान्यात टेलिफोन बोर्डावर त्यांची सगळी नोकरी गेली. बोर्ड गेला, नोकरी संपली, पुढे कारखान्यालाही कुलूप लागलं, पण फोन वाजला की हात आपोआप पुढे जायची सवय काही गेली नाही. मी त्याच कारखान्यात प्रयोगशाळेत होतो. माझ्यासारखा माणूस आधी फोन कुणाचा आहे ते बघतो आणि मग उचलायचा की वाजू द्यायचा ते ठरवतो. हे ताईंना कळलं तेव्हा त्या माझ्याशी बरेच दिवस तुटक वागल्या.

"समोरच्यानं हाक मारलीय, सबनीस," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल तर तसं सांगा. पण ओ तर द्या!"

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर अजून आहे. तो काढून टाकावा असं कितीदा मनात आलं, पण बोट पुढे सरकत नाही.

आम्ही ब्रिज खेळायचो. हा चौघांचा पत्त्यांचा खेळ. समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार. पानं खेळायच्या आधी लिलावासारखी बोली लावायची असते, आणि आपल्या हातात काय आहे हे जोडीदाराला फक्त त्या बोलीतूनच कळवायचं असतं. भुवई उडवायची नाही, खाकरायचं नाही, पान टेबलावर जोरात आपटायचं नाही. शिवाय आपल्या बोलीचा अर्थ आपण सांगायचा नाही. प्रतिस्पर्ध्यानं विचारलं तर तो जोडीदारानं सांगायचा, आणि खरा सांगायचा. हा शेवटचा नियम ताईंना इतका आवडायचा की तो सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. "आपण काय बोललो ते दुसऱ्यानं समजावून सांगायचं! संसारात असतं का हो असं कुठे?" असं त्या विचारायच्या. स्वतः अविवाहित होत्या, त्यामुळे उत्तर द्यायची हिंमत आमच्यातल्या कुणालाच झाली नाही.

त्यांच्या जोडीदार होत्या मोहिनीभाभी. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये मुलांचे कपडे शिवायचा त्यांचा वर्कशॉप होता, खाली मशिनी आणि वर घर. कारखान्याला गणवेशही पुरवायचे म्हणून भाभींच्या यजमानांचं ऑफिसर क्लबात येणंजाणं होतं. एका संध्याकाळी ब्रिजला चौथा मिळेना, तेव्हा त्यांनी बायकोला आणून बसवलं. टेलिफोन बोर्डावरच्या कुमुदताईही तशाच, चौथ्याची जागा भरायला म्हणून कधीतरी बसलेल्या. पुढे यजमानांचं खेळणं सुटलं, साहेबलोक बदल्या होऊन पांगले, आणि चौथ्याच्या जागी बसवलेल्या दोन बाया मात्र समोरासमोर बसल्या त्या बसल्याच. भाभी ताईंना "अडी कुमुद" म्हणायच्या. सिंधीत बाईमाणसाला अशी हाक मारतात. ताईंना अरेतुरे करणारं त्यांच्याखेरीज कुणीही आमच्या माहितीत नव्हतं.

दर रविवारी सकाळी ताईंच्या अंबरनाथ पूर्वेच्या घरी डाव पडायचा. मी बदलापूरहून यायचो. माझा जोडीदार भोईर, आमच्याच कारखान्यातला फोरमन, निवृत्तीनंतर बदलापूरला वडिलांच्या जागेत रोपवाटिका करून बसलेला. तो येताना पिशवीतून काहीतरी रोप आणायचा आणि ताई ते दारात लावून तिसऱ्या दिवशी जास्त पाणी घालून मारायच्या. भाभी कॅम्प चारहून रिक्षानं दालपकवानाचा डबा घेऊन यायच्या. तो डबा दुसऱ्या डावाआधी उघडायचा नाही असा ताईंचा नियम होता, आणि पहिल्या डावात डमी झाल्यावर, म्हणजे पानं उघडी मांडून हात मोकळे झाल्यावर, भाभी तो टेबलाखाली हळूच उघडायच्या.

ताईंच्या खरेपणाचा मासला सांगायचा तर कल्याणच्या स्पर्धेचा सांगावा लागेल. दोघी पहिल्या आल्या होत्या. कप टेबलावर ठेवलेला, भाभींनी तो घरी कुठं ठेवायचा तेही ठरवून टाकलेलं. आणि ताईंच्या लक्षात आलं, की मघाशी एका डावात प्रतिस्पर्ध्यांनी भाभींच्या बोलीचा अर्थ विचारला, तेव्हा आपण तो चुकीचा सांगितला. मुद्दाम नाही, घाईत. कुणालाही कळलं नव्हतं. ताई उठल्या, पंचांकडे गेल्या आणि स्वतःची तक्रार स्वतःच करून आल्या. पंचांनी गुण बदलले, दोघी चौथ्या आल्या. परतीच्या वाटेत शहाडचा पूल आला. तशा भाभी एकदम म्हणाल्या, "अडी, एवढी खरी कशाला आहेस तू? जरासी कम खरी रहती तो क्या जाता तेरा?"

"अर्थ चुकीचा सांगितला तर खेळच उरत नाही गं," ताई म्हणाल्या.

भाभींनी हे उत्तर अनेक वर्षं आम्हाला नक्कल करून दाखवलं. ताईही हसायच्या, पण आपलं चुकलं असं त्यांना कधीच वाटलं नाही.

पुढे सत्तरी ओलांडल्यावर ताईंनी नवी पद्धत शिकायची टूम काढली. ठाण्याच्या एका स्पर्धेत दोन तरुण पोरांनी या दोघींना धुऊन काढलं होतं. ती पोरं 'किलवर पद्धत' नावाची वरच्या दर्जाची बोली वापरत होती. "ती बोलत होती आणि आपण नुसत्या पुटपुटत होतो," ताई म्हणाल्या. नातवाएवढ्या त्या पोरांकडून त्यांनी फोनवर सगळं समजून घेतलं, आणि मग आमचे रविवार शाळेसारखे झाले. जुन्या पद्धतीत 'एक किलवर' म्हणजे साधीसुधी बोली, बरी पानं आहेत एवढाच अर्थ. नव्या पद्धतीत 'एक किलवर' म्हणजे माझ्याकडे एक्के, राजे, राण्या असा भारी ऐवज आहे, मग किलवरचं पान असो नसो. आता तुझ्याकडे काय आहे ते सांग. आणि यावर जोडीदारानं पास म्हणायचं नाही. काही झालं तरी नाही. हातात एकही चित्र नसलं तर 'एक चौकट' म्हणायचं. म्हणजे माझ्याकडे काहीच नाही, पण मी ऐकलंय.

पहिल्याच रविवारी ताईंनी भोईरला समोर घेतलं आणि भोईर एक किलवरवर पास म्हणाला. ताईंनी पानं खाली ठेवली.

"भोईर, मी हाक मारली आणि तुम्ही तोंडावर दार लावलंत."

"पण ताई, हातात काय नव्हतंच! बोलायचं काय?"

"मग तेच बोलायचं! एक चौकट म्हणजे तेच. तुमच्या पासवर मी एकटी काय करू? पानं एवढी भारी आणि खेळायचं एक किलवर?"

भोईर बिचारा पन्नाशीपासून मधुमेही, त्याला घाम फुटला. "आपल्याला हे काय झेपायचं नाय," असं तो मला जिन्यात म्हणाला. पण पुढच्या रविवारी आला तो घरी बायकोला समोर बसवून, सगळं पाठ करून. "चौकट, चौकट, चौकट," असं म्हणत त्यानं गुलाबाची कलमं बांधली होती म्हणे.

भाभी पाठबिठ करणाऱ्या नव्हत्या. त्यांना नवी पद्धत फोनवरच्या तालमीनं आली. रोज संध्याकाळी सातला ताई अंबरनाथहून फोन लावायच्या. दोघी आपापल्या घरी आपापल्या गड्डीतून तेरा पानं काढायच्या आणि फोनवर बोली लावायच्या. खेळायचं नाही, फक्त बोलायचं. ताई म्हणायच्या, "एक किलवर." मागे शिलाई मशिनींचा आवाज, आणि त्यातून भाभींचं उत्तर यायचं, "एक ईंट." चौकटीला त्या हिंदीप्रमाणे ईंट म्हणायच्या, आणि ताईंनी लाख सांगूनही ते बदललं नाही. एकदा दोघी बोलत बोलत थेट मोठ्या स्लॅमपर्यंत चढल्या, म्हणजे तेराच्या तेरा हात आपले. असा योग वर्षानुवर्षं येत नाही. मग पानं वाचून दाखवली, तर इस्पिकचा एक्का दोघींकडे! गड्ड्या दोन, त्यामुळे एक्केही दोन. इतके दिवस ही साधी गोष्ट दोघींच्याही डोक्यात आली नव्हती. त्या रविवारी भाभी हसत हसत सांगत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "कुमुद का एक्का भी मेरा, मेरा एक्का भी मेरा!" तालीम तरीही दोन गड्ड्यांवरच चालू राहिली. दुसरा मार्ग तरी काय होता?

दोन-अडीच वर्षं अशी मजेत गेली. ठाण्याच्या त्या पोरांना या दोघींनी एकदा हरवलंसुद्धा. त्या दिवशी दालपकवानाचा डबा पहिल्या डावाआधी उघडला गेला.

मग भाभी चुकायला लागल्या. आधी बारीकसारीक. एखादी बोली जुन्या पद्धतीची लावायची, कुणाची पाळी आहे ते विचारायचं. ताई चिडायच्या. "मोहिनी, लक्ष कुठंय तुझं?" भाभी कानाची पाळी धरायच्या आणि पुन्हा तेच करायच्या. एका रविवारी त्या डबा घेऊन आल्या, झाकण उघडलं, तर आत शिलाईच्या दोऱ्यांची रिळं. आम्ही तिघंही हसलो. भाभीही हसल्या, पण त्यांची नजर आमच्या तोंडांवरून फिरत होती, नेमकं कशाला हसतोय हे शोधत. ते बघून ताईंचं हसू तिथंच थांबलं.

त्यानंतर ताईंना चिडलेलं मी कधी पाहिलं नाही. भाभींचा मुलगा, सूरज, डॉक्टरांकडून आला तो थेट ताईंकडे. मी तिथंच होतो. विस्मरणाचा आजार आहे, वाढतच जाणार, असं त्यानं सांगितलं. गुणी पोरगा. सांगताना रडत होता.

"आंटी, अब मम्मी नहीं खेल पाएगी. आप दूसरा पार्टनर देख लो."

"खेळता नाही आलं तरी बसता येईल," ताई म्हणाल्या. "रविवारी मीच येते तिला न्यायला."

आणि पुढच्या रविवारपासून कुमुदताईंनी आपली पद्धत मोडायला घेतली. जी एवढ्या हौसेनं उभी केली होती ती, एकेक करून. भाभी एखाद्या बोलीला अडल्या की पुढच्या खेपेला ती बोली रद्द. एक्के विचारायची बोली गेली. मग रंग सुचवायची गेली. ताई डाव वाटता वाटता सहज जाहीर करायच्या, "आजपासून आपण हे नाही वापरायचं." भोईरनं ते सगळं मोठ्या कष्टानं डोक्यात बसवलं होतं. एकदा तो कळवळून म्हणाला, "ताई, एवढी मरमर करून शिकलो, ते आता विसरायचं होय?"

"हो. विसरा," ताई पानं लावत म्हणाल्या. "तिला एकटीला नाही विसरू द्यायचं."

आम्ही चौघंही विसरत गेलो. नवी पद्धत गेली, मग जुनीही गेली. शेवटी एकच गोष्ट उरली. एक किलवर आणि त्यावर एक ईंट. तेवढं भाभींना यायचं. समोरून ताईंचा आवाज आला, की आतून कुठून तरी ते उत्तर निघायचं. हातात चार एक्के असोत, उत्तर तेच. पण यायचं. आणि ते आलं की ताईंचे खांदे जरा खाली यायचे, हे मी पाहत होतो. त्या दर रविवारी एवढ्यासाठीच डाव मांडतात हे आम्हाला कळत होतं. अजून ओ येते की नाही, एवढंच त्यांना बघायचं असायचं.

ज्या रविवारी ती ओ आली नाही तो रविवारही बाकीच्यांसारखाच होता. भोईरनं मोगऱ्याचं रोप आणलं होतं. ताईंनी पानं बघितली आणि म्हणाल्या, "एक किलवर." मी पास म्हटलं. भाभी आपल्या पानांकडे बघत राहिल्या. आम्ही थांबलो. पंखा फिरत होता. भाभींनी मग मान वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "पास."

भोईरची पाळी होती. ताईंनीच त्याला वर्षानुवर्षं शिकवलं होतं, की कुठलीही बोली नेहमीपेक्षा वेगळी वाटली तर विचारायचं, लाजायचं नाही. सवयीनं तो बोलून गेला, "ताई, या पासचा अर्थ काय धरायचा?" आणि बोलल्याबरोबर त्यानं जीभ चावली.

ताईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या भाभींकडे बघत होत्या. "तिच्या हातात काही नाही, असा अर्थ," त्या म्हणाल्या. "आम्ही तसं ठरवलंय हल्ली."

भोईरनं पास म्हटलं. मी पहिलं पान टाकलं. बोली लावणाऱ्याच्या जोडीदारानं आता पानं उघडी करून टेबलावर मांडायची असतात. भाभींनी ती मांडली. हे त्यांना अजून नीट यायचं, रंगवार, सरळ ओळीत. इस्पिकचा एक्का. बदामचा एक्का. चौकटीचा राजा.

कल्याणला एका चुकीच्या अर्थापायी कप परत करून आलेल्या बाईचं खोटं आमच्यासमोर उघडं पडलं होतं. भोईर छताकडे बघत होता. मी माझी पानं पुन्हा पुन्हा लावत होतो. समोरची पानं पाहून जोडीदाराचे आभार मानायचा या खेळात रिवाज आहे, मग पानं कशीही असोत. ताईंनी तो पाळला.

"थँक्यू पार्टनर," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता.

"मेन्शन नॉट, अडी," भाभी म्हणाल्या आणि टेबलाखाली डबा शोधू लागल्या.

ताईंनी तो डाव शेवटपर्यंत खेळला. एवढी भारी पानं आणि खेळायचं एक किलवर. हातामागून हात त्यांचेच होत गेले आणि ते सगळे वायाच होते. मग त्या भाभींना कॅम्प चारला सोडून आल्या. त्यानंतर आमचा डाव पडला नाही.

सूरजनं वर्कशॉप बंद केला आणि आईला घेऊन तो बायकोच्या माहेरी इंदूरला गेला. इथं मशिनींच्या गोंगाटात तिला सांभाळणं जमेना. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. मी ताईंना म्हटलं, ठाण्याची ती पोरं तुमच्याबरोबर खेळायला आनंदानं तयार होतील. "बघू," त्या म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला ठाऊक होता. पुढे हृदयाचं दुखणं निघालं, पाय सुजायला लागले, चार पावलं चालल्या तरी धाप लागायची. तरी फोन मात्र पहिल्याच घंटीला उचलायच्या.

शेवटचं त्यांना पाहिलं ती एक साधीच संध्याकाळ होती. मी त्यांची औषधं घेऊन गेलो होतो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. सात वाजले तशी त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. मी पत्त्यांची गड्डी दिली. सुजलेल्या बोटांनी त्यांनी पिसली, तेरा पानं काढली, रंगवार लावली. मग फोन लावला आणि समोर चादरीवर ठेवला, आवाज मोठा करून. पलीकडे भाभींना सांभाळणारी बाई बोलली, "हां दीदी, कान को लगाती हूँ."

"एक किलवर," कुमुदताई म्हणाल्या.

पलीकडे टीव्ही चालू होता. कुणीतरी भांडी घासत होतं. आणि जवळून, अगदी जवळून श्वास ऐकू येत होता. ताई थांबल्या. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो, त्यामुळे त्यांच्या हातातली पानं मला दिसत होती. एक्का नव्हता, राजा नव्हता, राणी नव्हती. एक बदामचा गुलाम आणि बाकी सगळी पिल्लं. एक किलवर बोलावं असं त्या हातात काही नव्हतं. पण जिच्यावर जोडीदाराला पास म्हणता येत नाही अशी तीच एक बोली होती.

त्या थांबून राहिल्या. मला वाटलं आता फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. पलीकडचा श्वास तसाच येत राहिला. बऱ्याच वेळानं ताई फोनकडे किंचित वाकल्या.

"एक ईंट," त्या हळूच म्हणाल्या. आणि पानं मिटून ठेवत, "बरं मोहिनी, उद्या करते हं."